निएलो

निएलो : चांदी किंवा सोन्यावर कोरलेल्या खाचांत गंधकयुक्त काळे मिश्रण भरून नक्षी उठवण्याची धातुकलेतील पद्धत. त्या मिश्रणालाही निएलोच म्हणतात. ‘काळसर’ या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून हे नाव आले. मिनाकामाशी त्याची तुलना होते, पण मिना काच असते आणि निएलो धातूंचे सल्फाइड, म्हणजे गंधकाशी झालेले संयुग.

देवघरातली चांदीची भांडी काळी पडतात ती सिल्व्हर सल्फाइडमुळे. रोमन कारागिरांचे निएलो बहुधा हेच असे, फक्त मुद्दाम तयार करून खाचेत भरलेले. त्याला एक अडचण होती. उघड्या भट्टीत ते धड वितळत नाही. त्यातला गंधक उडतो आणि चांदी उरते. म्हणून ते ऊब देऊन मऊ करत व दाबून बसवत. ओतकाम नव्हे, लिंपणकामच म्हणा. रोमन लेखक थोरला प्लिनी (मृत्यू इ. स. ७९) याने ईजिप्तमधील चांदी काळी करण्याची कृती नोंदवली आहे. चांदी, सायप्रसचे तांबे आणि गंधक हे तिचे घटक. चमक घालवलेल्या चांदीला जास्त मोल येते, याचे त्याला नवल वाटले.

चांदीत तांबे मिसळल्यावर मिश्रण कमी उष्णतेवर वितळू लागले. खरा बदल झाला तो शिशामुळे. साधारण अकराव्या शतकापासून चांदी, तांबे व शिसे यांचे निएलो युरोपात रूढ झाले. ते इतके सहज वाहते की बारीक रेषाही भरून निघते. १५६८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सोनारकामावरील ग्रंथात इटालियन सोनार व शिल्पकार बेन्वेनूतो चेल्लीनी याने १ भाग चांदी, २ भाग तांबे आणि ३ भाग शिसे असे प्रमाण दिले आहे. हा रस गंधक भरलेल्या मातीच्या भांड्यात ओतून हलवायचा, थंड झाल्यावर कुटायचा, ती पूड टाकणखारासह खाचांत भरून तापवायची आणि वर आलेला भाग कानशीने घासून काढायचा. आच वाढली तर शिसे खालची चांदीच खाऊ लागते, म्हणून सगळी परीक्षा भट्टीपाशी.

पंधराव्या शतकातील फ्लॉरेन्समध्ये मासो फिनिग्वेर्रा हा या कामातला नामवंत सोनार. निएलो भरण्याआधी कोरलेल्या पत्र्याचे ठसे कागदावर घेत. छापचित्रांच्या आरंभीच्या इतिहासात म्हणूनच या कलेचा उल्लेख येतो.

मिश्रणातील घटक पुराव्यासारखेही उपयोगी पडतात. इंग्लंडमधील ‘फुलर ब्रोच’ ही नवव्या शतकाच्या उत्तरार्धातली चांदीची तबकडी, तिच्यावर पाच ज्ञानेंद्रियांच्या आकृती आहेत. ती इतकी सुस्थितीत होती की जाणकारांनी नकली ठरवली आणि ती चांदीच्या भावात विकली गेली. पुढे तिच्यातील निएलो जुन्याच, शिसे नसलेल्या प्रकारचे निघाले आणि १९५२ मध्ये ती ब्रिटिश म्युझियमला मिळाली. इंग्लंडमध्येच सटन हू येथे १९३९ मध्ये सापडलेल्या सोन्याच्या बकलावरही निएलो आहे. नंतरच्या काळात रशियातील तुला, दागिस्तानमधील कुबाची व थायलंडमधील नखोन सी थम्मरात येथे ही कला भरभराटीस आली.

मात्र काळे दिसले की निएलो, असे समीकरण मांडू नये. ग्रीसमधील मायसीनी या प्राचीन नगरीच्या शाफ्ट (खोल खड्ड्याच्या) थडग्यांतील, इ. स. पू. सोळाव्या शतकातील खंजिरांवरचे काळे काम अनेक वर्षे निएलोच समजले गेले. रासायनिक परीक्षणात काही नमुने सोने-चांदीमिश्रित तांब्याचे, रसायनाने काळे केलेले आढळले. बीदरच्या बिदरी कामाबाबतही असाच घोळ होतो. बिदरीत जस्तप्रधान मिश्रधातूच्या भांड्यात चांदी ठोकून बसवतात व शेवटी बीदर किल्ल्यातील माती आणि नवसागर यांच्या लेपाने अंग काळे करतात. म्हणजे काळी असते ती भूमी, आणि खाचेत भरलेली असते ती चांदी; निएलोच्या नेमके उलट.