गीतरामायणाआधीचे बाबूजी

‘गीतरामायण गाजलं आणि रेडिओवरच्या सुधीर फडक्यांना सिनेमाची दारं उघडली’, असं पुण्यात आजही हमखास ऐकू येतं. हे खरं नाही. क्रम बरोबर उलटा आहे.

पुणे आकाशवाणीवर गीतरामायण सुरू झालं १९५५च्या रामनवमीला. बाबूजींच्या, म्हणजे सुधीर फडक्यांच्या, संगीताचा ‘गोकुळ’ हा चित्रपट आला १९४६ साली, म्हणजे तब्बल नऊ वर्षं आधी. तोही प्रभातचा! लॉ कॉलेज रस्त्यावर आज फिल्म इन्स्टिट्यूट आहे ना, तिथेच प्रभातचा स्टुडिओ होता.

१९५२च्या ‘लाखाची गोष्ट’मधलं मालती पांडे यांचं ‘त्या तिथे, पलिकडे, तिकडे’ एकदा शांतपणे ऐका. चारच साधे शब्द, पण प्रत्येक शब्दाला थोडं थांबू दिलंय, बोट दाखवून वाट सांगावी तसं. शब्द माडगूळकरांचे, चाल बाबूजींची. गीतरामायणात श्रोत्यांना भेटली ती हीच जोडी, सिनेमात मुरलेली. छप्पन्न गीतांत कथा सांगताना एकही शब्द चालीखाली दबला नाही, त्यामागे मला ही चित्रपटांतली मेहनत दिसते. रेडिओमुळे ते घराघरांत पोचले, हे मात्र अगदी खरं.