वास्तुप्रतिकृती

वास्तुप्रतिकृती : नियोजित किंवा अस्तित्वात असलेल्या वास्तूचे ठरावीक प्रमाणात लहान केलेले त्रिमितीय रूप. व्यवहारात तिला नुसते ‘मॉडेल’ म्हणतात. परिसरासाठी १:५००, एकेका इमारतीसाठी १:१०० व तपशिलासाठी १:२० ही प्रमाणे रूढ आहेत.

वास्तूंची लघुरूपे फार प्राचीन आहेत. मात्र ती बांधकामाआधी आराखड्याचे साधन म्हणून घडविली होती, असे थोड्याच बाबतींत म्हणता येते. ईजिप्तमधील मेकेत्रे या अधिकाऱ्याच्या थडग्यात सापडलेली घर, बाग, धान्यकोठार यांची लाकडी रूपे (इ. स. पू. सु. २०००) मृताच्या परलोकातील सोयीसाठी होती. ग्रीक शिलालेखांत कारागिरांपुढे नमुना ठेवल्याचे उल्लेख आहेत. पण तो बहुधा स्तंभशीर्षासारख्या पुनःपुन्हा घडवावयाच्या भागाचा पूर्णाकृती नमुना असावा, हे मत अधिक ग्राह्य वाटते.

भारतात हा वाद मुख्यतः महाबलीपुरम् येथील पाच रथांभोवती फिरतो. अखंड पाषाणातून कोरलेल्या या रथांची छपरे झोपडीवजा, गजपृष्ठाकार (हत्तीच्या पाठीसारखी), पायऱ्यापायऱ्यांची अशी निरनिराळी आहेत. शिवाय तेथील समुद्रकाठच्या तटमंदिरासारखी, चिरे रचून बांधलेली मंदिरे नंतरची. त्यामुळे हे रथ म्हणजे पुढील मंदिरांचे पाषाणी नमुने होत, असे काहींचे प्रतिपादन आहे. हे रथ सामान्यतः पल्लव राजा पहिला नरसिंहवर्मन् (कार. सु. ६३०–६६८) याच्या काळातील मानतात, पण पुरातत्त्वज्ञ आर. नागस्वामी यांनी ते तटमंदिर बांधणाऱ्या राजसिंहाच्या (दुसरा नरसिंहवर्मन्) काळात, म्हणजे इ. स. ७०० च्या सुमारास आणले आहेत. ही कालनिश्चिती स्वीकारल्यास ‘आधी नमुना, मग मंदिर’ हा क्रमच ढिला पडतो. शिवाय द्रौपदी रथाच्या गाभाऱ्यात दुर्गा आहे आणि धर्मराज रथावर राजबिरुदांचे लेख आहेत. म्हणजे काम अपुरे राहिले तरी उद्देश देवालयाचाच दिसतो. वेरूळचे ‘छोटा कैलास’ (लेणे क्र. ३०) हेही नावावरून नमुना वाटते, प्रत्यक्षात ते मोठ्या कैलासानंतरचे जैन लेणे आहे.

आराखड्याचे साधन म्हणून प्रतिकृतीचा भक्कम पुरावा फ्लॉरेन्समध्ये मिळतो. तेथील कॅथीड्रलची १३६७ मध्ये निवडलेली प्रतिकृती प्रमाण मानण्याची शपथ बांधकामाच्या अधिकाऱ्यांना घ्यावी लागे. घुमट कसा उभारावा, यासाठी १४१८ मध्ये स्पर्धा जाहीर झाली, तेव्हा वास्तुशिल्पी ब्रूनेलेस्कीने आधाराच्या लाकडी साच्याविना विटांची मोठी प्रतिकृती बांधली. ती घुमटाचे रूप दाखविण्यापेक्षा बांधण्याची रीत पटविण्यासाठी होती. लंडनच्या सेंट पॉल कॅथीड्रलसाठी वास्तुशिल्पी क्रिस्टोफर रेनने करविलेली ओक लाकडाची प्रतिकृती (१६७३–७४) १:२४ प्रमाणात असून सहा मीटरांहून लांब आहे. तिच्या आत शिरून अंतर्भाग डोळ्यांच्या पातळीवरून पाहता येई. हा आराखडा धर्माधिकाऱ्यांना रुचला नाही. पुढे रेनने प्रतिकृती करविण्याचे व आपली रेखाटने जाहीरपणे दाखविण्याचे सोडले, असे त्याच्या कुटुंबवृत्तात म्हटले आहे. सर्वांना समजेल असे साधन सर्वांच्या आक्षेपांनाही वाट करून देते.

प्रतिकृतीवरून काय सिद्ध होते, हे तिला विचारलेल्या प्रश्नावर अवलंबून असते. लांबी दहापट वाढली की काटछेदाचे क्षेत्रफळ शंभरपट, पण वजन हजारपट होते. म्हणून त्याच द्रव्याची लहान प्रतिकृती उभी राहिली, एवढ्यावरून मोठी वास्तू तग धरील असे ठरत नाही. मात्र कमानीतील दाबरेषेचा (दाब ज्या मार्गाने खाली उतरतो त्या रेषेचा) आकार मापावर नव्हे, तर भारांच्या परस्पर प्रमाणावर ठरतो. स्पॅनिश वास्तुशिल्पी गौदीने बार्सेलोनाजवळील कोलोनिया ग्वेलच्या चर्चसाठी याचाच उपयोग केला. १:१० प्रमाणात दोऱ्या टांगून त्यांना प्रत्यक्ष भाराच्या दशसहस्रांश वजनाच्या छऱ्यांच्या पिशव्या बांधल्या. ताणलेल्या दोऱ्यांचा आकार उलटा केला की दाबाखालील कमानींचा आकार मिळे. सभागृहातील ध्वनी तपासण्याच्या १:१० प्रतिकृतीत ध्वनीची कंप्रता दहापट घ्यावी लागते, कारण ध्वनिलहरींची लांबीही त्याच प्रमाणात लहान व्हावी लागते. उंच इमारतींच्या वातबोगद्यातील (कृत्रिम वारा सोडण्याच्या बोगद्यातील) चाचण्यांत प्रतिकृती बहुधा १:३०० ते १:५०० प्रमाणाची असते व शेजारच्या इमारतीही मांडाव्या लागतात, कारण वाऱ्याचे भोवरे त्यांच्यामुळेही बदलतात. पाण्याच्या प्रवाहाच्या प्रतिकृतींत काळही आकसतो : १:१०० प्रमाणात प्रवाहाचा वेग व लागणारा वेळ, दोन्ही एकदशांश होतात. पुण्याजवळ खडकवासला येथील केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्रात (स्थापना १९१६) धरणे व बंदरे यांच्या अशा प्रतिकृतींवर प्रयोग होतात.

जीर्णोद्धारातील उपयोग कमी परिचित आहे. बोधगयेच्या महाबोधी मंदिराची १८८० च्या दशकात अभियंते व पुरातत्त्वज्ञ जे. डी. बेगलर यांच्या देखरेखीखाली डागडुजी झाली, तेव्हा तेथेच सापडलेली मंदिराची छोटी दगडी प्रतिकृती कोपऱ्यांतील शिखरांच्या पुनर्रचनेस मार्गदर्शक ठरली. अशा प्रतिकृती यात्रेकरू नेपाळ-तिबेटकडे नेत. मूळ वास्तूच्या रूपाला इतकी जुनी साक्ष क्वचितच मिळते.

विद्यार्थी व वास्तुशिल्पी माउंटबोर्ड (जाड पुठ्ठा), सनबोर्ड (फोमचा हलका फलक), हलके बाल्सा लाकूड वापरतात. लेझर कटिंग व त्रिमितीय मुद्रणाने काम वेगवान झाले आहे. आराखडा ठरत असताना करावयाच्या कामचलाऊ प्रतिकृतीसाठी मात्र पुठ्ठा व कटरच सोयीचे, कारण त्यात सहज फेरफार करता येतो. विक्री कार्यालयातील दिवे लावलेली, झाडीने नटलेली प्रतिकृती हा वेगळाच प्रकार होय. तिच्यात शेजारच्या इमारती बहुधा गाळलेल्या असतात, त्यामुळे उजेड व मोकळी जागा यांबद्दल ती फारसे सांगत नाही. नमुना सदनिका वा इमारत पाहून आगाऊ रक्कम भरणाऱ्या ग्राहकाचे खोट्या माहितीमुळे नुकसान झाल्यास भरपाईची तरतूद स्थावर संपदा (विनियमन व विकास) अधिनियम, २०१६ च्या कलम १२ मध्ये आहे.