कूलिंग टॉवरमध्ये पाणी एकसारखे पडत नाही: दोष नोझलचा की फिलचा?

कूलिंग टॉवरमध्ये गरम पाणी नोझलमधून, म्हणजे फवारणाऱ्या तोट्यांतून, फिलवर पडते आणि थंड होते; फिल म्हणजे पाणी पसरवून हवेशी भिडवणारा थर. या फिलखालचा पाण्याचा पाऊस एका बाजूला दाट, दुसऱ्या बाजूला विरळ आणि मध्येच एखाद्या पट्ट्यात नाहीच, असे दिसले की बहुतेक कारखान्यांत ‘फिल चोक झाले’ असा निष्कर्ष निघतो आणि नव्या फिलची मागणी नोंदवली जाते. हा निष्कर्ष कधीकधी बरोबर असतो. पण अगदी असेच दृश्य फिल स्वच्छ असतानाही दिसू शकते, कारण त्याच्यावर पाणी वाटणारी व्यवस्थाच बिघडलेली असते. एका दोषात पाणी फिलच्या सगळ्या भागांपर्यंत पोचत नाही. दुसऱ्यात ते पोचते, पण गाळ, शेवाळी थर किंवा क्षार यांनी भरलेल्या फिलमधून पाण्याला आणि हवेला वाट मिळत नाही.

नियंत्रण कक्षातले आकडे या दोहोंत फरक करून दाखवत नाहीत. समजा, टॉवरवर ४० अंश सेल्सिअसचे पाणी येते, ३२ अंशांचे परत जाते आणि वेट बल्ब तापमान, म्हणजे त्या हवेत बाष्पीभवनाने पाणी जास्तीत जास्त जितके थंड होऊ शकते ते, २७ अंश आहे. म्हणजे रेंज (येणाऱ्या आणि परत जाणाऱ्या पाण्याच्या तापमानांतला फरक) ८ आणि ॲप्रोच (परत जाणारे पाणी वेट बल्बपेक्षा जितके गरम असते तो फरक) ५. उष्णतेचा भार आणि एकूण प्रवाह तेवढाच असताना यांपैकी कोणताही दोष उद्भवला, तर पाणी ३४ अंशांवर बाहेर पडेल आणि ४२ अंशांवर परत येईल. ॲप्रोच ७ होईल, रेंज मात्र ८च राहील. त्यामुळे रेंज कायम आहे म्हणून टॉवर ठीक आहे, हा युक्तिवाद इथे टिकत नाही. ती केवळ भार आणि प्रवाह यांवर ठरते.

फरक सापडतो तो विरळ पट्ट्यात पडणाऱ्या थोड्याशा पाण्यात. काउंटरफ्लो टॉवरमध्ये (जिथे हवा पाण्याच्या उलट, खालून वर जाते) ते पाणी लांब दांड्याला बांधलेल्या भांड्यात धरून त्याचे तापमान मोजावे आणि शेजारच्या दाट भागातल्या पाण्याशी ताडून पाहावे. नोझल बंद असेल, तर त्या भागात पाणी कमी आणि हवा भरपूर असते, त्यामुळे जे काही पाणी पडते ते सरासरीपेक्षा बरेच थंड असते. फिल भरलेले असेल, तर तिथे हवाच अडलेली असते. पाणी पातळ थर न होता एखाद्या वाटेने धारेसारखे खाली येते आणि म्हणून ते गरम असते. ड्रिफ्ट एलिमिनेटरच्या (हवेबरोबर उडणारे थेंब अडवणाऱ्या थराच्या) वर ॲनिमोमीटर (हवेचा वेग मोजणारा मीटर) धरता आला, तर हीच गोष्ट हवेच्या बाजूनेही पडताळता येते. कोरड्या पण मोकळ्या भागातून हवा अधिक वेगाने आणि फारशी न तापता निघून जाते; कोंडलेल्या भागावर तिचा वेग पडलेला असतो. माझ्या मते या दोन मोजण्यांशिवाय फिलची ऑर्डर देऊच नये. क्रॉसफ्लो टॉवरमध्ये (जिथे हवा बाजूने आडवी शिरते) मात्र हवेच्या प्रवेशाजवळचे पाणी एरवीही आतल्या पाण्यापेक्षा थंड असते, म्हणून तिथे लूव्हरपासून (हवा शिरते त्या झडपांपासून) सारख्याच अंतरावरच्या जागांची तुलना करावी लागते.

क्रॉसफ्लोमध्ये वरचा डेक, म्हणजे तळाला छिद्रे असलेला पाण्याचा उथळ हौद, टॉवर चालू असतानाच पाहता येतो, ही मोठी सोय आहे. छिद्रातून पडणारा प्रवाह वरच्या पाण्याच्या उंचीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. अर्धी छिद्रे बुजली, तर उरलेल्यांतून दुप्पट पाणी जाण्यासाठी पातळी चौपट व्हावी लागते. १० सेंटीमीटर पातळीवर चालणाऱ्या डेकमध्ये ४० सेंटीमीटर मावत नाहीत आणि पाणी काठावरून वाहू लागते. काउंटरफ्लोमध्ये नोझल एलिमिनेटरखाली दडलेले असतात, म्हणून पंखा बंद करून त्याला लॉक लावल्यावर पाण्याच्या फवाऱ्यांचा आकार पाहावा. तुटून पडलेले नोझल किंवा निघालेले लॅटरलचे (नोझल बसवलेल्या आडव्या नळीचे) टोपण हे बुजलेल्या नोझलपेक्षा अधिक घातक असते. त्यातून पडणारी जाड धार खालचे फिल फाडते आणि इतर नोझलचा दाबही खेचून घेते.

फिलबद्दलची शंका उरली, तर एक ब्लॉक बाहेर काढून निथळू द्यावा, त्याचे वजन करावे आणि तेवढ्याच नव्या ब्लॉकच्या वजनाशी ताडावे. बाहेरची कडा पाहून अंदाज बांधू नये, कारण फिल्म प्रकारच्या (पाण्याचा पातळ थर पसरवणाऱ्या पत्र्यांच्या) फिलमध्ये गाळ आणि जिवाणूंचा चिकट थर आतल्या अरुंद वाटांमध्ये साचतो.

हे दोन दोष वेगळे असले तरी एकातून दुसरा जन्मतो. बुजलेल्या नोझलखाली जो भाग कधी ओला, कधी कोरडा राहतो, तिथे पाणी उडून जाते आणि कॅल्शियमचे क्षार मागे राहतात. काही काळाने तोच भाग स्केलने, म्हणजे क्षारांच्या कडक थराने, भरतो. अशा वेळी फक्त फिल बदलले, तर नवे फिलही नेमके त्याच जागी भरते. म्हणून दुरुस्तीचा क्रम वरून खाली असावा: आधी स्ट्रेनर (कचरा अडवणारी गाळणी), हेडर (पाणी वाटणारी मुख्य नळी) आणि नोझल, मग डेकची पातळी, आणि शेवटी फिल. नोझल बदलताना सगळ्यांचे छिद्र मूळ मापाचेच असावे. फिल धुताना पाण्याचा दाब बेताचा ठेवावा, कारण पीव्हीसीचे पातळ पत्रे सहज फाटतात. पाण्यात गाळ सतत येत असेल, तर साइड-स्ट्रीम फिल्टर (पाण्याचा काही भाग सतत वळवून गाळणारा), जैवनाशकांची मात्रा आणि रुंद वाटांचे फिल यांचा विचार एकत्रच करावा लागतो.

टॉवरच्या एखाद्या संपूर्ण सेलमध्येच (स्वतंत्र कप्प्यात) पाणी विरळ पडत असेल, तर प्रश्न बहुधा या दोहोंपैकी कोणताच नसतो. पंपाजवळच्या सेलचा व्हॉल्व्ह जास्त उघडा राहिल्याने दूरच्या सेलला पाणी कमी मिळते, आणि प्रत्येक रायझरवर (सेलकडे पाणी चढवणाऱ्या नळीवर) क्लॅम्प-ऑन अल्ट्रासॉनिक मीटर (नळीवर बाहेरून बसणारा प्रवाहमापक) लावून प्रवाह जुळवला की हा प्रश्न सुटतो. भार कमी असताना पंपाचा वेग घटवल्यामुळे सगळ्याच सेलमधले फवारे मरगळलेले असतील, तर व्हॉल्व्ह बंद करून एखाद्या सेलचे पाणी थांबवावे. उरलेल्या नोझलना पुन्हा पुरेसा दाब मिळतो आणि त्यांचे फवारे एकमेकांत मिसळू लागतात.