क्रोन आजार: आतडे जोडण्याच्या पद्धती

क्रोन आजाराने (आतड्याला दीर्घकाळ सूज आणणारा आजार) अरुंद झालेला किंवा छिद्र पडलेला आतड्याचा भाग काढून टाकल्यावर उरलेली दोन टोके पुन्हा जोडण्याच्या शस्त्रक्रिया. लहान आतड्याचा शेवट आणि मोठ्या आतड्याची सुरुवात हे या आजाराचे नेहमीचे ठिकाण, आणि आतड्याच्या क्षयाचेही तेच. त्यामुळे नागपुरात मेडिकल, मेयो या सरकारी रुग्णालयांत किंवा मिहानमधल्या एम्सला बालाघाट-गडचिरोलीकडून आलेल्या रुग्णाबाबत जोड कसा घालायचा याआधी आजार नक्की कोणता, हे ठरवावे लागते.

शस्त्रक्रियेने क्रोन मुळातून जात नाही. तो परततो बहुधा जोडापाशीच, लहान आतड्याच्या बाजूला. लक्षणे दिसण्याच्या कितीतरी आधी दुर्बिणीच्या तपासणीत (एंडोस्कोपी) व्रण दिसू लागतात. जोडाच्या पद्धतीवर इतका खल होतो तो यासाठी.

जुनी पद्धत टोकाला टोक लावून हाताने टाके घालण्याची. दुसरी स्टेपलरची, म्हणजे बारीक धातूच्या पिना मारणाऱ्या यंत्राची: दोन्ही भाग शेजारी-शेजारी ठेवून लांबट, रुंद तोंड तयार करतात. वेळ वाचतो, पण पिनांच्या काडतुसांचा खर्च वाढतो. रुंद तोंडामुळे आजार कमी परतेल ही अपेक्षा मात्र २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या १३९ रुग्णांच्या चाचणीत खरी ठरली नाही. टोकाला टोक जोडलेल्या आणि स्टेपलरने जोडलेल्या गटांत फारसा फरक आढळला नाही.

कोनो-एस ही जपानी शल्यचिकित्सक तोरू कोनो यांनी २००३ पासून वापरलेली पद्धत. आतड्याला रक्त पुरवणारा पडदा (मेसेंटरी) ज्या कडेला चिकटलेला असतो, तिथूनच आजार डोके वर काढतो असे दिसते. म्हणून बंद केलेली दोन टोके एकमेकांना शिवून आधाराचा खांब करतात, पडद्याच्या विरुद्ध बाजूला उभा छेद घेतात आणि तो आडवा शिवतात. त्याने तोंड रुंद राहते व जोड पडद्यापासून दूर जातो. २०२० च्या इटालियन चाचणीत सहा महिन्यांनी दुर्बिणीत आजार परतलेला दिसला तो कोनो-एस गटात २२ टक्के, तर स्टेपलर गटात ६३ टक्के रुग्णांत. आकडे डोळ्यांत भरणारे आहेत. पण रुग्ण जेमतेम ७९ होते, तेव्हा आधीच्या पद्धती मोडीत काढण्याची घाई नको. पडदाच मोठ्या प्रमाणात काढण्याचा उपायही पुढे आला, परंतु २०२४ मधील युरोपीय चाचणीत त्याचा लाभ दिसला नाही.

उभा छेद आडवा शिवण्याच्या युक्तीला भारतीय संदर्भ आहे. क्षयाने अरुंद झालेले आतडे न कापता असे रुंद करण्याचा अनुभव कटारिया व सहकाऱ्यांनी १९७७ मध्ये मांडला. ऑक्सफर्डचे शल्यचिकित्सक ली यांनी पुढे तेच क्रोनसाठी वापरले.

जोड कोणताही असो, सहा ते बारा महिन्यांत दुर्बिणीने तपासणी आणि गरजेनुसार औषधे लागतातच. विडी-सिगारेटने आजार परतण्याची शक्यता वाढते, हे अभ्यासांतून पक्के झाले आहे. ‘विडी सोडली, आता फक्त खर्रा’ असे सांगणाऱ्या रुग्णाला खर्राही (तंबाखू-सुपारीचे मिश्रण) सोडायला सांगावे लागते, ते तोंडाचा कर्करोग टाळण्यासाठी.