मागचा एक्सल आणि डिफरन्शियल तुटणं

रिअर व्हील ड्राइव्ह किंवा फोर बाय फोर गाडी जोरात दामटली की मागचा एक्सल शाफ्ट (चाक फिरवणारा दांडा) तुटतो नाहीतर डिफरन्शियलचे (दोन्ही चाकांना जोर वाटून देणाऱ्या गियरच्या गोळ्याचे) दाते उडतात. बदनाम इंजिनची ताकद होते, पण बहुतेक वेळा घात करतो तो झटका.

हिशोब बघा, समजा इंजिन 150 न्यूटन-मीटर टॉर्क (फिरवायचा जोर) देतंय, पहिला गियर 4 पट वाढवतो, क्राउन-पिनियन (डिफरन्शियलचं मोठं गियर आणि त्याला फिरवणारं छोटं गियर) अजून 4 पट, म्हणजे मागे पोचले 2400, दोन्ही शाफ्टना 1200-1200. एवढं चालतं. पण रेस करून क्लच खाडकन सोडला की फिरत्या फ्लायव्हीलचा (इंजिनमागच्या जड चकतीचा) जोरही त्यात येऊन पडतो. चिखलात एक चाक गरगर फिरतंय, भाऊ रेस सोडत नाहीत आणि चाकाला अचानक दगड लागला, तरी तेच. डिफ लॉक (दोन्ही चाकं एकत्र बांधणारं) लावलेलं असेल तर निम्मं-निम्मं संपलंच, ज्या चाकाला पकड आहे त्याचा शाफ्ट जवळपास सगळा भार एकटा खातो.

शाफ्ट बहुतेकदा स्प्लाइनपाशी (टोकावरच्या लांबट खाचांपाशी) तुटतो. आधी स्प्लाइन पिळल्या जातात, बारीक चीर पडते, मग ती वाढत जाते, त्यामुळे मस्ती केली रविवारी आणि शाफ्ट तुटला बुधवारी भाजी आणायला जाताना, असंही होतं.

डिफरन्शियलचं दुखणं वेगळं. एकच चाक खूप वेळ फिरत राहिलं की आतले छोटे गियर आपल्या पिनवर जोरात फिरतात, तेलाचा थर तुटतो, धातू धातूला चिकटतो. जोर आला की पिनियन क्राउनपासून लांब ढकललं जातं, बेअरिंग ढिली असतील तर दाते नुसते कडेवर टेकतात आणि तुकडे पडतात. हायपॉइड गियर (क्राउनच्या मध्यापासून पिनियन बाजूला सरकवलेला प्रकार, गाड्यांत 1926 च्या अमेरिकन पॅकार्डपासून) रिव्हर्समध्ये दात्याच्या दुसऱ्या, कमजोर बाजूवर भार घेतात, म्हणून अडकलेली गाडी रिव्हर्समध्ये झटके देत काढणं वाईटच. शिवाय हे दाते एकमेकांवर घसरतात, त्यांना साधारणपणे जीएल-5 (जास्त दाब सोसणारं गियर ऑइल) तेल लागतं, साधं इंजिन ऑइल चालत नाही.

जुन्या सीरिज लँड रोव्हरचे 10 स्प्लाइनचे मागचे शाफ्ट यासाठीच कुप्रसिद्ध. पण तिथे एक्सल फुल फ्लोटिंग, म्हणजे गाडीचं वजन शाफ्टवर नाही, हाउसिंगवर (बाहेरच्या नळीवर) असतं, त्यामुळे तुटका शाफ्ट ओढून काढायचा, फोर बाय फोर टाकायचं आणि पुढच्या चाकांवर घरी यायचं. सेमी फ्लोटिंगमध्ये (वजन शाफ्टवरही येतं त्यात) तुटला तर कधीकधी शाफ्टसकट चाकच बाहेर येतं.