रोपानं मान टाकलीय: पाणी कमी पडलं की जास्त झालं?

तहानलेलं रोप आणि पाण्यानं गुदमरलेलं रोप, दोन्ही सारखीच माना टाकतात. पानापर्यंत पाणी पोचत नाही, एवढंच दोन्हीकडे घडलेलं असतं. पण पहिल्यात मातीत ओलच नसते. दुसऱ्यात ओल भरपूर असते, मात्र मातीतली हवा निघून गेल्यामुळे मुळं कुजायला लागतात आणि पाणी ओढेनाशी होतात. अशा रोपावर आणखी एक तांब्या ओतला की ते हातचं गेलंच म्हणायचं.

तहानेचं पान कडेनं कुरकुरीत होतं. पाणी मिळालं की सकाळपर्यंत ताठ. जास्त पाण्यानं खालची पानं आधी पिवळी पडतात, मऊ होतात आणि पहाटेच्या गारव्यातही उभी राहत नाहीत. एप्रिलच्या उन्हात मात्र धडधाकट मिरचीही दुपारी मलूल दिसते आणि सांजेला सावरते. म्हणून माझा भरवसा पानापेक्षा मातीवर जास्त. चार बोटं खोल उकरा, मूठभर माती घेऊन दाबा. गोळा झाला आणि अंगठ्यानं दाबताच फुटला, तर वाफसा आहे, म्हणजे ओल आणि हवा दोन्ही बेताची आहेत, पाणी नको. बोटांतून भुरभुर गळाली तर पाणी द्या. चिकटून लगदा झाला, कुबट वास आला, तर हात आवरा.

आपल्या बेळगाव जिल्ह्यात एकच नियम चालत नाही. खानापूर-जांबोटीच्या तांबड्या मातीतून पाणी झरझर खाली जातं. तिथं थोडं थोडं, पण लवकर लवकर द्यावं. अथणीकडची काळी माती वरून भेगाळली तरी खाली ओल धरून असते. तिथं एकदा सावकाश, पोटभर द्यावं आणि पुढचे काही दिवस वाट बघावी.

काळ्या मातीत दोन-चार घमेली वाळू मिसळून भागत नाही. उलट ती आणखी घट्ट बसते. उपाय दोन्हीकडे एकच, कुजलेलं शेणखत. त्यानं तांबडी माती ओल धरते, काळी भुसभुशीत होते. शेणाचा वास गेलेलं आणि हातात भुगा होणारं असेल तेच खत घ्या. ताज्या शेणानं मुळं भाजतात, मुळं खाणारी हुमणी अळीही येते. वर उसाचं पाचट पसरा, पण बुंध्यापासून वीतभर लांब.

कुंडीतलं रोप गुदमरलंच असेल तर खालची ताटली काढा, भोक मोकळं करा, रोप सावलीत ठेवा. तरीही सावरलं नाही तर उपटून काळी, बुळबुळीत मुळं कापा आणि पांढरी मुळं राखून कोरड्या, भुसभुशीत मातीत पुन्हा लावा.