चाळीस मागितले, पन्नास मिळाले

कोल्हापूरला राजारामपुरीतल्या आमच्या घरी भाची एम.ए.च्या प्रयोगाची तयारी करत होती. स्क्रीनवर एक शब्द ४० मिलिसेकंद चमकवायचा आणि बघणाऱ्याला तो वाचता येतो का, ते तपासायचं. "मामा, मी ४० लिहिलंय, पण नोंदीत ५० का येतंय?" प्रोग्राम बरोबर होता. तिच्या लॅपटॉपच्या स्क्रीनला ४० जमणारच नव्हते.

हा स्क्रीन सेकंदाला ६० वेळा चित्र बदलतो, म्हणजे दर १६.७ मिलिसेकंदांनी एक फ्रेम. दोन फ्रेमचे ३३.३, तीनचे ५०. अधलंमधलं काही नाही. केएमटीची बस चुकली की पुढची येईपर्यंत स्टॉपवर थांबावं लागतं, तसंच हे.

म्हणून सायकोपायसारख्या, मानसशास्त्राच्या प्रयोगांसाठीच्या सॉफ्टवेअरमध्ये अशी वेळ फ्रेम मोजून ठरवणंच उत्तम. ते पायथॉन या प्रोग्रामिंगच्या भाषेवर चालतं आणि फुकट मिळतं. ते पुढचं चित्र ग्राफिक्स कार्डाच्या मेमरीत आधीच काढून ठेवतं आणि स्क्रीनची एक फेरी संपली की लगेच अदलाबदल करतं. याला फ्लिप म्हणतात. चित्र तयार व्हायला उशीर झाला तर फ्रेम हुकते आणि जुनंच चित्र आणखी १६.७ मिलिसेकंद तसंच राहतं. म्हणून फोटो प्रयोगाआधीच मेमरीत भरायचे, अपडेट वगैरे बंद ठेवायचे.

पण सॉफ्टवेअरने लिहिलेली वेळ म्हणजे डोळ्यापर्यंत उजेड पोचल्याची वेळ नव्हे. ती मोजावीच लागते, आणि मला या सगळ्यात हेच काम सर्वांत मोलाचं वाटतं. शाहूपुरीतून दोन फोटोडायोड, म्हणजे उजेड टिपणारे छोटे सेन्सर आणले, एक स्क्रीनच्या वरच्या कोपऱ्यात आणि एक खालच्या कोपऱ्यात चिकटपट्टीने लावला. शब्दासोबत दोन्ही कोपऱ्यांत पांढरा चौकोन उमटेल अशी सोय केली. मित्राकडून आणलेल्या ऑसिलोस्कोपवर, म्हणजे विजेचे चढउतार रेषेने दाखवणाऱ्या यंत्रावर, दोन रेषा उठल्या, पण खालची जवळजवळ एक फ्रेम उशिरा! स्क्रीन वरून खाली ओळीओळीने रंगतो, तो उशीर डोळ्यांदेखत दिसला. उजेड दिसल्यावर बटण दाबायला माणसाला साधारण पाव सेकंद लागतो, आणि प्रयोगात शोधायचा फरक कधीकधी २०-३० मिलिसेकंदांचाच असतो. त्यात १५ चा घोळ परवडत नाही. म्हणून चौकोनाची वेळ हीच शब्दाची वेळ धरायची, तर शब्द आणि चौकोन एकाच उंचीवर हवेत.

मग ७५ हर्ट्झवर चालणारा, म्हणजे सेकंदाला ७५ वेळा चित्र बदलणारा मॉनिटर जोडला. तिथे एक फ्रेम १३.३ मिलिसेकंदांची. भाचीने प्रोग्राममध्ये तीन फ्रेम लिहिल्या, आणि ऑसिलोस्कोपवर ४० आले.